पट्टेरावांची पिशवी

ईमेल आला तेव्हा सूनबाई माकडाला डोळे बसवत होती. एक डोळा बसला की दुसरा बसेपर्यंत हात थांबवता येत नाही, लेप सुकतो आणि मग माकड कायमचं तिरळं राहतं. म्हणून तिनं मोबाइल वाजू दिला. डावा डोळा बसला, पापणी सुईच्या टोकानं ओढून झाली, माकड तिच्याकडे रोखून बघायला लागलं, तेव्हा कुठे तिनं हात पुसले, ईमेल वाचला, आणि उभ्याउभ्याच पहिल्यापासून पुन्हा वाचला.

लांबच्या एका संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाईंनी कळवलं होतं, ‘तुम्ही पाठवलेला दोन्ही प्राण्यांच्या तुलनेचा कच्चा तक्ता फार छान झाला आहे. माकडाच्या बाजूला काहीच दुरुस्ती नाही. फक्त फोटोत पट्टेदार लांडग्याची पिशवी उलटी बसवलेली दिसते. या प्राण्याच्या पिशवीचं तोंड पुढे नसायचं, मागे, शेपटीकडे असायचं. जुन्या कातड्यांचे फोटो सोबत जोडते. उद्घाटनासाठी शुभेच्छा!’

“शुभेच्छा म्हणे,” सूनबाई माकडाला म्हणाली. “यांचं काय जातंय!”

उद्घाटनाला आठ दिवस होते. संग्रहालयाच्या तळमजल्यावर नवं दालन उघडणार होतं, ‘उरलेले आणि गेलेले’. एका काचेत दोनच प्राणी समोरासमोर ठेवायचे. उरलेल्यांतर्फे कापशा: खारीपेक्षा जरासं मोठं माकड, डोक्यावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा झुपका, आणि जंगलात आता फार थोडी शिल्लक. प्राणिबागेतला म्हातारा नर वयानं गेला, तो त्यांनी संग्रहालयाला दिला होता. गेलेल्यांतर्फे पट्टेराव. कुत्र्याएवढा, पाठीवर पट्टे असलेला, कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेला एका बेटावरचा लांडगा. ती जात पृथ्वीवरून कधीच नाहीशी झालेली. वास्तविक पट्टेराव मादी होते, पण संग्रहालयात चाळीस वर्षं काचेत उभं राहिल्यावर असला मान आपोआप मिळतो.

आणि ते पट्टेराव भरले होते अप्पांनी.

अप्पा म्हणजे सूनबाईचे सासरे. मेलेल्या जनावराचं कातडं कमावून, आत साचा घालून, टाके घालून त्याला परत उभं करायचं काम त्यांनी या संग्रहालयात पस्तीस वर्षं केलं. मुलानं ते उचलावं अशी फार इच्छा होती, पण मुलगा दातांच्या कवळ्या करायच्या धंद्यात गेला. “जिवंत गिऱ्हाईक बरं असतं, बाबा,” तो म्हणायचा, “निदान कुठे टोचतंय ते सांगतं.” मग लग्न होऊन आलेल्या सुनेनं एक दिवस सहज विचारलं, की घुबडाची मान अशी का वळवली? अप्पांनी उत्तर द्यायला तीन तास घेतले. ते तीन तास वाढत वाढत सहा वर्षांचे झाले. अप्पा निवृत्त झाले, ती त्यांच्या जागी लागली, आणि साऱ्या संग्रहालयाची ती ‘सूनबाई’ झाली. आता नऊ महिन्यांच्या ठकूला अप्पाच सांभाळत. रोज अकरा वाजता ते नातीला पाठीवर फडक्यात बांधून दूध पाजायला कामाच्या खोलीत घेऊन यायचे. खरं कारण दूध होतं की सुनेच्या कामात खोड काढणं, हे दारावरच्या शिपाईमामांना अजून ठरवता आलं नव्हतं.

त्या दिवशीही अकराला दार वाजलं. सूनबाईनं मोबाइल उलटा करून ठेवला.

“घ्या तुमचं सामान,” म्हणत अप्पांनी फडकं सोडलं. ठकूनं आईकडे झेप घेतली आणि लगेच तोंड खुपसलं. अप्पा मात्र माकडासमोर उभे राहिले. चष्मा वर, चष्मा खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे.

“डोळे बरे आहेत.”

अप्पांच्या तोंडून ‘बरे’ निघालं म्हणजे सणसणीत कौतुक. पुढे काहीतरी येणार हे सूनबाईला ठाऊक होतं.

“पण हे पाठीवर काय लावायचं ठरवलंयस?” त्यांनी टेबलावरची लोकरीची दोन इवलीशी पिल्लं उचलली.

“जुळी पिल्लं. या माकडांना बहुतेक जुळीच होतात.”

“ते ठीक. पण हा नर आहे ना?”

“हो.”

“मग पिल्लं याच्या पाठीवर कशाला?”

“कारण यांच्यात पिल्लांना बापच घेऊन फिरतो, अप्पा. आई फक्त दूध पाजायला घेते. पाजून झालं की परत बापाच्या पाठीवर.”

अप्पा हसले. चांगले पोट हलवून हसले. “काहीतरीच! बापमाणूस कधी पोरं पाठुंगळी मारून हिंडतो का? पुस्तकात कोणीतरी लिहिलं आणि तू भरलंस. तुला काय शिकवलं होतं मी? पुस्तकाला विचारायचं नाही. जनावराला विचारायचं.”

हे बोलताना त्यांच्या खांद्यावरून ठकूचं रिकामं फडकं लोंबत होतं, आणि सदऱ्याच्या पाठीवर ठकूच्या लाळेचा चांगला वीतभर नकाशा उमटला होता. सूनबाईनं तो नकाशा नीट बघून घेतला. तिनं एवढंच म्हटलं, “उद्या आपल्याला सुट्टी आहे. चला प्राणिबागेत. जनावरालाच विचारू.”

“चला! मी हरलो तर हे माकड जसं आहे तसं ठेव, मी ब्र काढणार नाही.”

“आठवडाभर?”

“दोन दिवस,” अप्पा म्हणाले. माणसानं आपली कुवत ओळखून बोलावं.

*

प्राणिबागेत छोट्या माकडांची खोली उबदार होती आणि तिथं भिजलेल्या फळांचा वास येत होता. जाळीपलीकडे ज्याला भरलं त्या म्हाताऱ्याचा मुलगा फांदीवर बसला होता, आणि त्याच्या पाठीवर दोन पिल्लं अशी चिकटली होती की आधी ती दिसलीच नाहीत. मग एकानं जांभई दिली.

“ही आई असणार,” अप्पा म्हणाले.

“तो बाप आहे हो आजोबा,” फळं कापत बसलेली राखणदार बाई म्हणाली. “आई ती. वर. पाय पसरून पडलीय ती.”

वरच्या फळीवर एक माकडीण खरंच पाय पसरून पडली होती. थोड्या वेळानं ती उठली, खाली आली, दोन्ही पिल्लं ओढून घेतली, पाजली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, तिनं पिल्लांना चापटी मारून झटकलं आणि सरळ निघून गेली. पिल्लं चीची करत बापाच्या अंगावर चढली. एकानं कानाला धरलं, एकानं झुपक्याला. बाप पुढे आलेलं केळं सोडून तसाच बसून राहिला. त्याच्या तोंडावर जो भाव होता तो सूनबाईनं रोज सकाळी अकरा वाजता दारात पाहिलेला होता.

अप्पा बराच वेळ बघत राहिले. पाठीवर ठकूनं त्यांच्या उरल्यासुरल्या केसांची मूठ धरली होती.

“विचारलं,” शेवटी ते म्हणाले. “त्यानं सांगितलं. संपलं.”

हीच वेळ, असं सूनबाईला वाटलं. अप्पांच्या तोंडून हार निघायची वेळ वर्षातून एकदा येते, ती वाया घालवून चालणार नाही. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं ईमेल वाचून दाखवला. फोटोही दाखवले. अप्पांनी मोबाइल हातभर लांब धरला, मग नाकाला लावला.

“कोण ही बाई?”

“तज्ज्ञ आहेत. आयुष्यभर याच प्राण्यावर काम केलंय.”

“पाहिलाय का तिनं? चालता बोलता?”

“कोणीच पाहिलेला नाही, अप्पा. पाहिलेलं कोणी आता उरलं नसेल.”

“मग!” अप्पांनी मोबाइल परत दिला. “मी काय झोपेत भरला तो? कातडं आलं तेव्हा पोटाला कसर लागून इथून तिथवर भोक पडलं होतं. पिशवीचा नुसता काठ शिल्लक. कुठली बाजू पुढची, कुठली मागची, देव जाणे. मी इथं येऊन कांगारूंसमोर बारा दिवस बसलो. पिशवी म्हणजे पिशवी. पिशवीचं तोंड वर असतं. बाजारातून कोणी उलटी पिशवी घेऊन येतं का?”

“पण कांगारू उभा चालतो, हा तर—”

“आणि आतलं पिल्लू? ते काय शेपटीखालून डोकावणार? जगात आल्यावर पहिलं दर्शन कशाचं घ्यायचं पोरानं?”

सूनबाईला हसू फुटलं. फुटायला नको होतं. पट्टेरावांच्या पिशवीतून डोकावणारं ते पिल्लू, सशाच्या कातड्याचं, तिळाएवढ्या डोळ्यांचं, हे अप्पांच्या साऱ्या कामातलं त्यांचं सगळ्यात लाडकं काम होतं. शाळेच्या शाळा ते बघायला यायच्या. संग्रहालयाच्या तिकिटावर तेच छापलेलं होतं. ती हसली, तिनं तोंडावर हात ठेवला, पण व्हायचं ते झालं होतं. अप्पा उठले, फडक्याची गाठ घट्ट केली आणि ठकूला घेऊन ताडताड चालू लागले.

*

दुसऱ्या दिवशी अकराला दार वाजलं, पण अप्पा आत आले नाहीत. दारातूनच त्यांनी ठकूला पुढे केलं.

“ठकू, तुझ्या आईला सांग, रात्री झोपली नाहीस म्हणून किरकिर करत्येस.”

“ठकू, आजोबांना म्हणावं, आत येऊन बसा.”

“ठकू, तुझ्या आईला सांग, आम्हाला मेलेल्यांच्या खोलीत बरं वाटत नाही.”

पस्तीस वर्षं ज्या खोलीत जेवले त्या खोलीबद्दल हे! ठकू मध्ये लोंबकळत दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि खूश होती, कारण एवढा महत्त्वाचा निरोप्या होण्याची तिची पहिलीच वेळ.

घरीही तेच. “ठकू, मीठ दे म्हणावं.” “ठकू, दार लावून घ्यायला सांग.” नवऱ्यानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला, “राहू दे ना ती पिशवी जशी आहे तशी. ती बाई काय विमानानं येऊन उलटून बघणार आहे?”

संचालकबाईंचंही तेच म्हणणं. त्यांनी ईमेल वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “मला काही दाखवलंच नाहीस असं समज. तिकिटांवर पिल्लू आहे, पत्रकांवर पिल्लू आहे, बाहेरच्या भिंतीवर आठ फुटी पिल्लू रंगवलंय. आता प्रमुख पाहुण्यांना मी काय सांगू, जरा मागून या म्हणून?”

“मग तक्त्यात काय लिहू?”

“पिशवीबद्दल काही लिहूच नकोस. मोघम ठेव.”

सूनबाई तक्ता घेऊन बसली. दोन रकाने, डावीकडे कापशा, उजवीकडे पट्टेराव. डावा रकाना तिनं एका बैठकीत भरला होता. काय खातो, कसा ओरडतो, पिल्लं कोण सांभाळतं, चिडला की झुपका कसा फुलवतो. काही अडलं की प्राणिबागेत जायचं, जाळीशी उभं राहायचं, बघायचं. जनावर सांगायचं. उजवा रकाना मात्र तिनं लिहिला तसा खोडला होता. आवाज कसा? काही जणांच्या मते भुंकल्यासारखा. पिल्लं किती दिवस पिशवीत राहायची? बहुधा तीन महिने. सांभाळायचं कोण? आईच असावी. ‘बहुधा’, ‘असावी’, ‘म्हणतात’. एवढ्या मोठ्या जनावराची सगळी हकिगत अशी ऐकीव, लांबच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तशी. त्यात खात्रीची म्हणावी अशी एक गोष्ट होती, पिशवीचं तोंड कुठे होतं ती. जुनी कातडी होती, फोटो होते. आणि नेमकी तीच त्यांच्याकडे उलटी लागलेली.

एका आईची पिशवी होती ती. तिनं त्यात पिल्लं वागवली होती. ती आता येऊन ‘अहो, हे असं नव्हतं’ म्हणू शकत नव्हती. सूनबाईला मोघम लिहिता येईना.

पण अप्पांच्या हातचे टाके त्यांना न विचारता उसवायचे, हेही तिच्याच्यानं होणार नव्हतं. तसं केलं तर पट्टेराव सुधारतील आणि अप्पा कायमचे दाराबाहेर उभे राहतील. एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं पेन खाली ठेवलं आणि उगाचच कापशाचा झुपका विंचरत बसली. तो आधीच चांगला विंचरलेला होता.

*

उद्घाटनाला तीन दिवस राहिले. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. दार वाजलं नाही. सूनबाईचा ऊर दुधानं भरून आला आणि जीव टांगणीला लागला. घरी फोन केला तर कोणी उचलेना. ती जिना उतरून खाली धावली, तर शिपाईमामा नव्या दालनाच्या दारात स्टूल आडवं टाकून बसलेले.

“आत जाता येणार नाही.”

“मामा, अप्पा दिसले का?”

“दिसले ना.” मामांचं तोंड फुगलं होतं, आतून काहीतरी दाबून धरल्यासारखं. “आत आहेत. म्हणाले, कुणाला सोडू नका. सुनेला तर मुळीच नको.”

“आणि ठकू?”

“तीही आत आहे. मजेत आहे.”

आतून खसखस आवाज आला, मग ठकूचं खिदळणं. सूनबाईनं स्टुलाशेजारून आत पाय टाकला. मामांनी अडवल्यासारखं केलं, म्हणजे नीट बघता यावं म्हणून स्वतःही मागोमाग उठले.

दालनात काचेची पेटी उघडी होती. पट्टेरावांसाठी पसरलेलं सुकं गवत, पाचोळा, झुडपं, सगळं बाहेर जमिनीवर आणून मांडलेलं होतं. आणि त्यातून अप्पा रांगत होते. वय वर्षं त्र्याहत्तर, चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला, गुडघ्यांना पोत्याची फडकी. पोटाला बाजाराची कापडी पिशवी आवळून बांधली होती, तोंड पुढे, गळ्याकडे. पिशवीतून भुसा भरलेला ठकूचा एक मोजा डोकावत होता. अप्पा मान खाली घालून झुडपातून शिरायचे, धाप टाकत दुसरीकडून निघायचे, आणि ठकू मागून चार पायांवर, जमेल तेवढ्या वेगात. आजोबांना अखेर रांगायची अक्कल आली याचा तिला कोण आनंद झाला होता.

“अप्पा!”

अप्पा झुडपातच थांबले. वर बघितलं. ठकूनं त्यांची टाच पकडली.

“आलीस ती आलीस,” अप्पा म्हणाले, चार दिवसांत प्रथमच थेट तिला. “आता इकडे ये आणि ही पिशवी बघ.”

ती गुडघ्यांवर बसली. पिशवीत हात घातला. मूठभर पाचोळा निघाला. मग काटक्या. मग माती, गवत, एक खिळा, आणि सगळ्यात तळाशी दबलेला मोजा. ‘पिल्लाच्या’ तोंडात भुसकट गेलं होतं.

“तीन फेऱ्या मारल्या,” अप्पा म्हणाले. “फक्त तीन! कांगारू उभा उड्या मारतो गं, त्याचं पोट झुडपाच्या वर. हा चार पायांवर, पोट जमिनीला लागलेलं, पाठलाग करत झुडपात घुसणार. तोंड पुढे ठेवलं तर सगळं रान आत. पोर गुदमरून जाईल.” त्यांनी धाप टाकली. “आता सोड आणि उलटी बांध. मागे तोंड.”

तिनं गाठ सोडली. पिशवी झटकली, मोजा पुसला, फिरवून बांधली. अप्पा पुन्हा खाली वाकले. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. शिपाईमामा दारात उभे राहून मोजत होते. चौथीला गुडघा कळवळला तेव्हा मामांनी पुढे होऊन त्यांना बसतं केलं. सूनबाईनं पिशवीत हात घातला. एक पान निघालं, बस. मोजा होता तस्सा.

“जनावराला विचारायचं,” अप्पा धापा टाकत म्हणाले. “जनावर नाही, मग कोण उरलं? मीच उरलो. मग मीच झालो जनावर.” आणि थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता, “चाळीस वर्षांपूर्वीच व्हायला पाहिजे होतं. तेव्हा गुडघे चांगले होते.”

ठकूनं त्यांच्या मांडीवर चढून चष्म्याची दोरी ओढली. सूनबाईनं त्यांच्या केसांतलं गवत काढलं आणि मग ठकूला पाजायला तिथंच भिंतीला टेकून बसली. ऊर फुटायची वेळ आली होती.

*

टाके अप्पांनीच उसवले. कुणाला हात लावू दिला नाही. पट्टेरावांना कामाच्या टेबलावर उलटं निजवलं, चार पाय वर, आणि स्वतःचा एकेक टाका कात्रीच्या टोकानं उचलला. “बघ कसा घातला होता,” प्रत्येक टाक्याला म्हणायचे, “बघ, अजून सैल नाही.” पण शिवायची वेळ आली तेव्हा सुई दोनदा हातातून निसटली. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा त्यांनी ती उचललीच नाही.

“शिव तू. मी धरतो.”

त्यांनी कातडं धरलं, तिनं शिवलं. टाके बारीक घे, ओढू नकोस, अगं तो केस आत गेला, एवढी घाई कसली, गाडी सुटत्येय का? दोन दिवस ब्र काढणार नाही म्हणून कबूल केलेला माणूस एका पिशवीच्या शिवणीत दोनशे शब्द बोलला, आणि सूनबाईनं त्यातला एकही मोजला नाही.

पिल्लाचा प्रश्न मात्र उरला. अप्पांनी ते हातात घेतलं, त्याच्या डोळ्यांवरची धूळ फुंकली, आणि शेपटीकडच्या तोंडातून डोकावेल असं ठेवून बघितलं. दोघंही टेबलाच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघितलं.

“वाईट दिसतंय,” सूनबाई म्हणाली.

“फार वाईट दिसतंय,” अप्पा म्हणाले. “पण बघ, मागून येणारा रस्ता सगळा दिसतो त्याला.”

संचालकबाईंनी बघितलं तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “काचेची पेटी फिरवता येईल का?”

“फिरवली तर माकडाकडे पाठ होईल,” सूनबाई म्हणाली.

“कोणाची?”

“पट्टेरावांची. आणि माकडाला समोर दिसणार—”

“नको, नको. राहू दे.”

पक्का तक्ता लिहायचा राहिला होता. डाव्या रकान्यात काही बदल नव्हता. उजव्या रकान्यात सूनबाईनं लिहिलं, ‘पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असे.’ आणि थांबली.

अप्पा पाठीवर ठकूला घेऊन मागे उभे होते. “पुढे लिही.”

“पुढे काय?”

“‘या संग्रहालयात चाळीस वर्षं आम्ही ते चुकीचं दाखवत होतो.’”

“अप्पा, कशाला? कुणाला कळणारही नाही.”

“म्हणून तर,” अप्पा म्हणाले. “या माकडाबाबत मी चुकलो, तर त्यानं पाच मिनिटांत माझं तोंड बंद केलं. समोर बसून! ह्याच्याबाबत चुकलो, तर चाळीस वर्षं लोक टाळ्या वाजवत होते. फरक दाखवायचाय ना तुला दोघांतला? हाच फरक आहे. लिही. आणि अक्षर मोठं काढ, मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.”

तिनं लिहिलं. अक्षर मोठं काढलं.

*

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे यायला उशीर होता, पण शाळेची मुलं वेळेवर आली. आधी ती पुढून बघत होती, मग एकानं मागे जाऊन बघितलं आणि किंचाळला, आणि मग पुढे कोणी उरलंच नाही. पेटीच्या मागच्या बाजूला एकच गर्दी झाली. “तिथून डोकावतंय! तिथून!” बाई म्हणत होत्या, हसू नका, हसू नका, आणि स्वतः रुमालात हसत होत्या.

अप्पा नवा कोट घालून पेटीशेजारी उभे होते, पाठीवर ठकू. एका दोन वेण्यांच्या मुलीनं तक्ता शेवटपर्यंत वाचला. बोट ठेवून वाचला. मग वर बघून विचारलं, “आजोबा, तो प्राणी तर नाहीच ना आता? मग तुम्हाला कसं कळलं चुकलं ते?”

“एका बाईंनी कळवलं.”

“आणि त्या बरोबर आहेत कशावरून?”

अप्पांनी मुलीकडे बघितलं. मग सुनेकडे. सूनबाईनं त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखला आणि ती घाईघाईनं पुढे झाली. “अप्पा, नको. कोट नवा आहे. गुडघा अजून सुजलेला आहे. अप्पा!”

“पोरीला धर,” अप्पा म्हणाले, आणि फडक्याची गाठ सोडली. मग त्या मुलीला विचारलं, “तुझं दप्तर जरा देतेस का? रिकामं करून. आणि बाकीच्यांनी थोडं मागे सरा, झुडूप आहे असं समजा.”

मुलांनी झुडूप केलं, हात पसरून, दाटीवाटीनं. अप्पांनी पोटाला दप्तर बांधलं, एक हात टेकला, मग दुसरा. शिपाईमामांनी दारातून हळूच सांगितलं की पाहुण्यांची गाडी आली, संचालकबाई त्यांना घेऊन पायऱ्या चढतायत. ऐकायला कोणाला सवड होती? सूनबाईनं ठकूला कडेवर घेतलं होतं, पण ठकू एकसारखी खाली झेपावत होती. शेवटी सूनबाईनंही हात टेकले आणि तिला जमिनीवर सोडून दिलं.